उपसणीचा दांडा

मोरवंडच्या खाडीच्या तोंडाशी, मोठ्या ओहोटीला वाळूचा एक लांबट उंचवटा उघडा पडतो. त्याला उपसणीचा दांडा म्हणतात. तिथे कोणी जाळी वाळत घालत नाही की होडी टेकवत नाही. पाहुण्यांनी विचारलं, तर गावातले म्हातारे हसूबाबा आधी त्यांना चपला काढायला लावतात आणि मग सांगू लागतात.

फार मागे या गावात पोशा तांडेल होता, मचव्याचा म्होरक्या, आणि मथुरी त्याची बायको. त्या वर्षी पाऊस लवकर लागला. सुकी मासळी संपली, घरोघरी पेजेचं नुसतं पाणी उरलं. नारळी पौर्णिमा अजून व्हायची होती. त्याआधी दर्यात जायचं नाही, हा रिवाज. पोशा म्हणाला, "दर्याला नारळ मागाहून देऊ. आधी पोरांना घास देऊ." मथुरीने त्याला अडवलं नाही. होती ती भाकरी बांधून दिली. गावातले धडधाकट गडी त्याच्या मचव्यात चढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मचवा मासळीने भरून परतला. बायका किनाऱ्याकडे धावल्या. एवढ्यात खाडीच्या तोंडाशी लाटेने मचवा उचलला आणि पाण्याखालच्या खडकावर आपटला. तळाची फळी निखळली. गड्यांनी धरलेली मासळी दर्यात फेकली, हाताला लागेल त्याने पाणी उपसू लागले. किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांनी होड्या लोटल्या. लाटांनी त्या उलट्या करून परत फेकल्या.

मथुरीच्या कडेवर मडकं होतं. ती कमरेइतक्या पाण्यात शिरली, मडकं भरलं, वाळूवर नेऊन ओतलं. पुन्हा भरलं.

सासू ओरडली, "अगो, दर्या कंदी उपसून संपलाय?"

"त्यांचा हात थांबला नाय," मथुरी म्हणाली, "मी कशी थांबू?"

मग एकेक करून साऱ्याच बायका मडकी आणून उपसू लागल्या.

त्यांच्या डोळ्यांदेखत मचवा बसत गेला. आधी काठ गेला, मग माणसं, शेवटी डोलकाठी. बायकांचे हात गळाले. मथुरी मात्र उपसतच होती.

"आता कुनासाठी गो?" सासूने विचारलं.

"जीव घेतलास ना? आता माती तरी दे!" मथुरी दर्याला म्हणाली. ते ऐकून बायकांनी पुन्हा मडकी उचलली.

तेव्हा, असं सांगतात, भरतीची वेळ असूनही पाणी मागे हटलं. कुणी कधी पाहिलं नव्हतं इतकं मागे गेलं. वाळूचा उंचवटा वर आला आणि त्यावर सगळे गडी शेजारी शेजारी निजलेले होते. बायकांनी आपापला माणूस ओळखला. मथुरी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. पोशा त्यांत नव्हता.

दर्याने आपला नारळ ठेवून घेतला, असं म्हणतात.

मथुरी पुढे म्हातारी होईपर्यंत रोज ओहोटीला उपसत राहिली. कुणी तिला थांबवलं नाही.

आजही नारळी पौर्णिमेला, नारळ सोडण्याआधी, मोरवंडच्या बायका मडकी घेऊन दर्यात उतरतात आणि पाणी वाळूवर ओततात. कोणी बोलत नाही, कोणी मोजत नाही. भरती चढू लागली की शेवटचं मडकं ओतताना, ज्यांचं त्याच्याशी काही नातं नाही त्याही म्हणतात, "पोशा, घरी ये रे."