न झाडलेली जागा

एका राज्यात, जिथे पोपटांना दरबारात बोलायची मुभा होती आणि मांत्रिकांना राजवाड्यातून शिधा मिळत असे, तिथे एक युवराज घराकडे चालत होता आणि घरी पोचत नव्हता.

युवराजाचं नाव सुकेतू. शिकारीला म्हणून गेला, परतीला लागला, राजवाड्याचे कळस त्याला दिसले, आणि तिथून पुढे रस्ता संपेचना. तो चार पावलं टाकी, रस्ता चार पावलं वाढे. नोकरचाकर त्याच्यापर्यंत जात, जेवण देत, परत येत. पण हात धरून आणू गेलं तर त्यांच्या हातात नुसता वारा राही. त्याची आई, राणी सुवर्चला, गच्चीवरून त्याला पाही. पोरगं चालतंय, चालतंय, आणि आहे तिथेच आहे. जोडे झिजले, दाढी छातीवर आली. त्या आईच्या जिवाची काय गत झाली असेल, ते आपण बोलू नये.

मांत्रिकांनी धूप जाळले, रिंगणं आखली, डोकी खाजवली. शिधा तेवढा संपला. मग एका सकाळी मोठ्या पिवळ्या चोचीचा एक धनेश पक्षी गच्चीच्या कठड्यावर येऊन बसला.

"राणी," तो म्हणाला, "राजाच्या मुकुटातलं तांबडं माणिक कुठून आलं, ते त्याला विचार."

राजा अरिंदम अंथरुणाला खिळलेला. त्याचे पाय कधीच गेले होते. प्रश्न ऐकून त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

"लग्नाआधीची गोष्ट," तो म्हणाला. "रानात वाट चुकलो. एका पाड्यावरच्या माणसांनी ठेवून घेतलं, जेवूखाऊ घातलं. निघताना घरधनिणीने मनगटाला गुंजेचा मणी बांधला. म्हणाली, घरी पोचलास की सोड आणि पाखराच्या चोचीत दे, म्हणजे आम्हाला कळेल. मी वेशीत शिरलो आणि गुंजेचं माणिक झालं. असलं रत्न पाखराला कोण देतं? मुकुटात बसवलं."

"आणि निरोप?"

"राहून गेला."

धनेश खिडकीत येऊन बसला होता. तो बोलला. "ती बाई अजून वाट पाहते आहे. तिचं वाट पाहणं साचत गेलं, साचत गेलं, आणि आता तुमच्या दाराशी येऊन उभं राहिलं आहे. ते ओलांडून या घरचं कुणी घरी पोचायचं नाही. या घरच्याच माणसाने जाऊन तिला निरोप सांगावा. पण राणी, तूही या घरची. बाहेर पाऊल टाकलंस की तुझी परतीची वाटही गेली असं समज."

"समजले," राणी म्हणाली. तिने केसांतल्या आकड्याने माणिक उकरून काढलं, पदराच्या गाठीत बांधलं आणि ती पायी निघाली.

पुढे धनेश, मागे राणी. वाटेत भरली नदी आडवी आली. धनेशाने तिला राणीचं काम सांगितलं, तेव्हा ती बाजूला झाली. दाट बांबूचं बन आलं. तेही सरकलं. दिवस कलता कलता डोंगराच्या कुशीत धूर दिसला. कारवीच्या कुडाची मोजकी घरं, अंगणात वाळत घातलेली वरई, आणि राणीला पाहून उठून उभी राहिलेली माणसं. कोण, कुठली, कशाला आलीस, कोणी म्हणता कोणी विचारलं नाही. एका सुनेने तिच्या पायांवर पाणी घातलं आणि तिला शेवटच्या घरी नेलं.

त्या घराला दार होतं, पण ते सताड उघडं होतं. आत चुलीपाशी एक म्हातारी बसली होती, इतकी म्हातारी की मरणसुद्धा तिचं घर विसरलं असावं. तिचं नाव झिपरी.

"आजी," राणी घाईने म्हणाली, "मी एक निरोप घेऊन—"

"आधी जेव," झिपरी म्हणाली. "मग नीज. मग बोल. या पाड्याची रीत आहे."

तीनच कामं, आणि तीही कसली! पण राणीला डोंगर उचलणं सोपं गेलं असतं. पळसाच्या पानावर वरईचा भात आणि कंदाची भाजी आली. तिकडे लेक उन्हात चालतोय, इकडे आपण जेवायचं? तिने पहिला घास उचलून परत पानात ठेवला. म्हातारी समोर बसून राहिली. शेवटी राणी डोळ्यांतलं पाणी गिळत एकेक घास जेवली आणि तिने पान पुसून ठेवलं.

तेवढ्यात झिपरीने दुसरं पान वाढलं आणि कोपऱ्यात नेऊन ठेवलं. तिथे एक जुनी चटई अंथरलेली होती. बाकीचं घर सारवून लख्ख. त्या चटईभोवती मात्र वर्षानुवर्षांची धूळ साचली होती.

"ती जागा कुणाची?" राणीने विचारलं.

"पाहुण्याची. इथून निघाला, अजून पोचला नाही. पोचल्याचं कळल्याशिवाय आम्ही पाहुण्याची जागा झाडत नाही, चूल विझवत नाही, दार लावत नाही. झाडली तर त्याची वाट पुसली जाईल." म्हातारीने सुस्कारा सोडला. "तरणं पोरगं होतं गं. अजून चालतंय बिचारं. पाय किती दुखत असतील त्याचे!"

राणीने पदराची गाठ मुठीत घट्ट धरली. त्या रात्री तिला निजायचं होतं, आणि डोळा लागता लागेना. मग झिपरीने तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि राणी लहान मुलीसारखी झोपली.

सकाळी म्हातारी म्हणाली, "आता बोल."

हेच काम सर्वांत अवघड होतं. राणीच्या मनात आलं, सांगावं की पाहुण्याला वाटेत वाघाने गाठलं. सांगावं की कालच पोचला. कोण खोटं म्हणणार होतं? पण हिने रोज संध्याकाळी वाढलेलं ते पान राणीच्या डोळ्यांपुढे आलं, आणि तिने पदराची गाठ सोडली.

"आजी, तो पोचला होता. इथून निघाला त्याच आठवड्यात. त्याने निरोप धाडला नाही. मण्याचं माणिक झालं, आणि त्याला माणिकाचा मोह पडला. तो माझा नवरा."

झिपरीने चुलीतलं लाकूड आत सारलं. ते तडतडलं.

"पोचला होता?"

"हो."

"धडधाकट?"

"धडधाकट."

"आणि मी इतकी वर्षं उगाच घोर लावून घेतला!" म्हातारी हसली, आणि तिच्या सुरकुत्यांतून पाणी वाहू लागलं. "बरं झालं गं बाई. पोचला ते बरं झालं."

ती रागावली असती तर राणीने सोसलं असतं. हे तिला सोसवलं नाही. राजाची राणी जमिनीवर बसून हुंदके देऊन रडली. तिच्या तळहातावर माणकाची पुन्हा गुंज झाली होती.

झिपरी उठली. केरसुणी घेऊन तिने तो कोपरा झाडला. त्याच घडीला, तिकडे, सुकेतूच्या पायाखालचा रस्ता संपला.

निघताना म्हातारीने राणीच्या मनगटाला नवी गुंज बांधली. तिने काहीच बजावलं नाही.

परतीची वाट सरळ होती, आणि पुढे धनेश होताच. वेशीत पाऊल पडलं आणि मनगटावरची गुंज माणिक होऊन झळाळली, राजाच्या माणकाहून दुप्पट मोठी. समोर सुकेतू हात पसरून धावत येत होता. "आई!"

किती दिवस तिने या हाकेची वाट पाहिली होती! पण राणीने हात वर केला.

"थांब, बाळा. माझ्या मागे कुणी तरी जागं आहे."

तिने दातांनी दोरा सोडला, रत्नाकडे न पाहता ते धनेशाच्या चोचीत दिलं आणि ती म्हणाली, "सांग, पोचले." पाखरू दिसेनासं झालं, तेव्हा ती वळली आणि तिने लेकाला पोटाशी धरलं.

पाड्यावर झिपरीने निरोप ऐकला. राणीची जागा झाडली, चूल विझवली, कितीतरी वर्षांनी दार लावलं, आणि ती निजली. ती पुन्हा उठली नाही. पाड्याने तिला मोहाच्या झाडाखाली ठेवलं.

राजाने मुकुटातलं ते कोंदण रिकामंच ठेवलं. कोणी कारण विचारलं की तो सगळी हकिगत सांगे, स्वतःला न वाचवता. राज्य सुखी झालं, मांत्रिकांचा शिधा पुन्हा सुरू झाला.

आमची कथा तिच्या घरी पोचली. ऐकणाऱ्यांनो, उठा, आपापल्या घरी जा, आणि पोचलात की कळवा. तोवर ही जागा आम्ही झाडणार नाही.