अर्जातली आई

"…आणि अर्जात आईची साखर लिहिलीच नाही, तर कुणाला कळणार आहे बाबा?"

असं विचारून श्रीहरी मुंडलिक स्वतःच हसला. समोर नबीशाह बाबा चुलीत काटक्या सारत बसले होते. गावाबाहेरच्या तकियात, फकिरांच्या मठीत, हा म्हातारा एकटाच राहायचा.

श्रीहरी तालुक्याचा कर सल्लागार. भल्याभल्यांचे कागद तो सरळ करून द्यायचा, त्यामुळे आपल्याला न कळणारा कागद अजून छापायचा आहे, अशी त्याची पक्की समजूत. आईचा आरोग्य विमा काढण्यासाठी त्याने डझनभर कंपन्यांच्या योजना पालथ्या घातल्या होत्या. आज सही करायची होती.

पण आई अडून बसली. तिच्या पायाची जखम भरत नव्हती, चालवत नव्हतं. "आधी बाबांची फुंकर, मग तुझा विमा," ती म्हणाली. आईपुढे त्याची सल्लागारी चालत नसे.

"योजना चांगली आहे?" बाबांनी विचारलं.

"एक नंबर. खोलीभाड्याला मर्यादा नाही. बिलातला वाटा आपल्याला भरावा लागत नाही. जवळचं मोठं हॉस्पिटल यादीत आहे."

"आणि आई?"

"आईचं काय?"

"तिला साखर कधीपासून?"

"पुष्कळ वर्षं झाली. पण ते लिहिलं की हप्ता वाढतो. आणि साखरेच्या दुखण्याचा खर्च कंपनी पहिली काही वर्षं देत नाही. एजंट म्हणाला, गाळून टाका, सगळेच गाळतात."

बाबांनी आणखी एक काटकी चुलीत सारली.

"कपडा आणलास?"

या तकियाची रीत आसपासच्या गावांना ठाऊक होती. दुखणेकऱ्याला येववत नसेल, तर त्याच्या अंगावरचा कपडा पाठवायचा. न धुतलेला. बाबा तो मांडीवर घेऊन दुआ म्हणत, फुंकर घालत, आणि घरी गेल्यावर दुखणेकरी तोच कपडा पुन्हा अंगावर घेई.

श्रीहरीने पिशवीतून साडी काढली. कोरी करकरीत. दुकानातली घडीसुद्धा मोडली नव्हती.

बाबांनी हात मागे घेतला.

"ही कुणी नेसलीय?"

"अजून कुणीच नाही. आईनं कालची दिली होती, पण तिला मलमाचा वास, जखमेचे डाग… तसलं तुमच्यापुढं कसं आणायचं? म्हणून वाटेत नवी घेतली."

"मग फुंकर कुणाला घालू?"

"आईला."

"यात आई नाही."

श्रीहरी चिडला. "श्रद्धेनं आणलीय बाबा. दुकानातली चांगल्यात चांगली निवडली."

"निवडलीस चांगली. घरी ने."

त्याने साडी पुन्हा पुढे केली. बाबांनी ती पुन्हा त्याच्याकडे सारली. रागाने नाही, पण तिसऱ्यांदा पुढे करायची सोय ठेवली नाही.

"अर्जात आईची तब्येत कशी लिहिलीस?"

"निरोगी."

"म्हणजे अर्जातली बाई ठणठणीत. तिचा विमा काढून घरातल्या बाईला काय?"

श्रीहरीने हातातल्या कोऱ्या साडीकडे पाहिलं.

लोकांच्या कागदातली चूक त्याला लांबून दिसायची. ही दिसली नव्हती, कारण ती त्यानेच घातली होती. आई हॉस्पिटलच्या खाटेवर आहे आणि कंपनीचा माणूस विचारतोय, ही कोण, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्याला लाज वाटली. आईच्या डागांची वाटली होती, त्याहून जास्त.

त्याने तिथेच एजंटला फोन लावला.

"अर्ज थांबवा. साखर लिहायची. पायाची जखम लिहायची. चालू गोळ्या, जुने रिपोर्ट, सगळं जोडायचं."

पलीकडून बरंच समजावणं झालं.

"नाही म्हणाले तर म्हणू देत. दुसरी कंपनी बघू. तिथंही हेच लिहायचं."

फोन खिशात टाकून तो उठला. "आधी आईचा पाय डॉक्टरांना दाखवतो. मग तिची कालची साडी घेऊन येतो."

बाबांनी मान हलवली.

चपला पायात सरकवता सरकवता श्रीहरी थांबला. आता त्याच्या आवाजात सल्लागार उरला नव्हता.

"पण बाबा, कंपनीनं घेतलं तरी साखरेसाठी काही वर्षं थांबावंच लागेल. तेवढ्यात आईला काही झालं तर… तोवर तिला कोण?"

बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तोवर तू."