आजोबांचा करार

शिळाछापखाने नवे होते तेव्हाची गोष्ट. जहागीरदार त्रिंबकरावांना महाराजांच्या संस्थानातून फुटून निघायचं होतं. त्यांनी पत्रकं छापून गावोगाव वाटली: 'करार आमच्या आजोबांनी केला. आम्हाला कुणी विचारलं होतं? मग आम्ही तो का पाळावा?'

इकडे छळाला कंटाळून त्यांची बायको सगुणाबाई माहेरी निघून आली. राव न्यायला आले आणि पंचांसमोर गरजले, "वडीलधाऱ्यांनी ठरवलेलं लग्न मोडत नसतं! मुकाट्यानं नांदायला चल."

सगुणाबाईंनी शांतपणे पत्रक पंचांपुढे ठेवलं. "यांचंच आहे, वाचा. मला तर मामानं झोपेतच बोहल्यावर उचलून नेलं होतं."

राव पागोटं सावरत म्हणाले, "ते राज्याबद्दल आहे!"

"बरं. मग आधी आपण महाराजांकडे मुकाट्यानं नांदून दाखवावं. मी मागोमाग येतेच."