चौदा हातांचं मेज

"मेज चौदा हात, आणि खोली नऊ हात! पंत, परवापर्यंत हे मेज नव्या घरात बसलं पाहिजे. कापायचं नाही, एक खीळ उपसायची नाही, भिंत फोडायची नाही. आणि घरातली सोळाही माणसं त्यावर एकाच वेळी जेवली पाहिजेत!"

निवखोरे संस्थानचे राजे रत्नोजीराव एवढ्यावर थांबले नाहीत. "नाहीतर आम्ही इथून हलणार नाही. आणि तुम्ही परवापासून डोंगरमाचीवरच्या गुरांचे कारभारी!"

कारभारी विसाजीपंतांनी मान खाली घातली. जुना राजवाडा दवाखान्याला द्यावा आणि सरकारांनी लहान घरात राहायला जावं, हा शहाणपणाचा सल्ला त्यांचाच होता. त्या सल्ल्यात मेज तेवढं राहून गेलं होतं. रोज त्याच मेजाच्या टोकाशी बसून ते सरकारांना कागद वाचून दाखवत, तरीही!

मेज राजांच्या आजोबांनी शिसवीचं करवून घेतलेलं. सरकार म्हणत, "आमच्या घराण्याची सगळी भांडणं या मेजावर सुरू झाली आणि ताक येईपर्यंत मिटली. हे गेलं तर आम्ही भांडायचं कुठे?"

पंत गाठी मारलेली दोरी घेऊन नव्या घरात गेले. दारं लावून घेतली, म्हणजे कोणी हसायला नको. दिवाणखाना मोजला, नऊ हात. पुन्हा मोजला, नऊ हात. तिसऱ्यांदा दोरी जरा सैल धरून पाहिली. दोरीने दया दाखवली, पण खोलीने नाही. तिरपं लावलं तर? साडेदहा हात. शेवटी त्यांना एक अफाट युक्ती सुचली आणि ते धावतच सरकारांकडे गेले.

"सरकार, मेज खिडकीतून पाच हात बाहेर काढू!"

"आणि त्या टोकाला कोण बसणार?"

"धाकटे काकासाहेब."

"आणि पाऊस आला म्हणजे?"

"त्यांना छत्री देऊ, सरकार!"

बोलून झाल्यावर पंतांनाच वाटलं, असला कारभारी गुरंसुद्धा ठेवून घ्यायची नाहीत.

ते परत नव्या घरी आले आणि जमिनीवर पालथे पडून चौथ्यांदा मोजू लागले. तेवढ्यात दार ढकलून गोजरा आत आली. झाडलोट करायला आली होती. राजवाड्यातल्या मेजाला तेलपाणी करायचं काम अठरा वर्षं तिच्याकडेच होतं.

"पंत, काही सांडलंय का?"

"अक्कल सांडलीय! जा, तुझं काम कर."

गोजरा कामाला लागली. खोली झाडत झाडत ती मधल्या दारापाशी आली आणि दोन्ही फळ्या उघडून कचरा पलीकडच्या माजघरात लोटला.

"अगं, दार लाव! मोजताना लक्ष जातं."

"पंत, माजघर किती हात?"

"आठ."

"आणि हे दार किती रुंद?"

"साडेतीन."

"मेज रुंदीला पावणेतीन. मग अर्धं इकडे, अर्धं तिकडे, पोट दारात! तुम्ही दारं मिटून घेऊन मोजत बसलात, म्हणून घर लहान झालं."

पंत उठून बसले. डोक्यात हिशेब फिरला. मग त्यांनी दोरी गुंडाळून खिशात घातली, कारण आता तिचीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सोळा भोयांनी मेज उचललं. पुढचं दार आणि मधलं दार एका रेषेत होतं. मेज सरळ आत गेलं आणि ऐन चौकटीत थांबलं. आठ खुर्च्या दिवाणखान्यात, आठ माजघरात. राणीसाहेब म्हणाल्या, "बरंच झालं. काकासाहेब पलीकडच्या खोलीत घोरतील!"

सरकारही खूश झाले. मिशीवर ताव देत आपल्या खोलीकडे निघाले आणि मधल्या दाराशी अडले. मेजाच्या दोन्ही बाजूंना वीतभरसुद्धा फट नव्हती.

"पंत! आमची निजायची खोली पलीकडे आहे. आम्ही जायचं कसं?"

पंतांनी मेज, दार, भिंत सगळं मोजलं होतं. सरकारांना मोजायचं राहिलं होतं.

"मा... मागून वाट आहे, सरकार. गोठ्यातून."

"गोठ्यातून? गुरांत तर आम्ही तुम्हाला धाडणार आहोत!"

गोजरा पुढे झाली.

"सरकारांनी मेजाखालून जावं."

"राजा कोणापुढे वाकत नाही!" सरकार गरजले.

"पुढे नाही, सरकार. खाली."

"या मेजाखालून आजवर कोणी राजा गेलेला नाही!"

"राजा नसेल गेला. पण कोणीतरी गेलंय. फळीच्या खालच्या अंगाला कोळशाने घोडा काढलाय. तेवढी जागा सोडूनच मी तेल लावते. कोणी काढला, देव जाणे! पण हात अगदीच कच्चा. घोड्याला पाच पाय काढलेत."

"पाच?" सरकार कडाडले. "ती शेपटी आहे!"

बोलले आणि जीभ चावली. राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला.

"शेपटी इतकी सरळ, सरकार? पार जमिनीला टेकलेली?" गोजराने विचारलं.

"वारा पडला होता!"

आता सरकारांनाच हसू आवरेना. मिशी थरथरली, पोट हललं, डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसताच त्यांनी शेला कमरेला बांधला, गुडघे टेकले आणि निवखोऱ्याचे राजे आपल्या आजोबांच्या मेजाखाली शिरले. बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मग खालून एक हात बाहेर आला. त्यात सोन्याचं कडं होतं.

"घे, गोजरा! आणि पंत, गुरं राहू द्यात. आत या. तुम्हाला मोजायची हौस आहे ना? मोजा, पाय किती ते!"

पंत रांगत आत गेले. त्यांनी काळजीपूर्वक मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. पाय पाचच होते.

"चार, सरकार!" पंत म्हणाले. "आणि शेपटी काय झोकदार आहे!"