शाल कुणीही पांघरतो!

"पडला! मनोरा पडला!"

बोरगडच्या राजाचा पाच मजली मनोरा भर दुपारी कोसळला, तो थेट खालच्या कुंभारवाड्यावर! देवाची कृपा, माणसं तेव्हा बाजाराला गेली होती. पण येसूच्या बापाची भट्टी आणि तीत रचलेली मडकी, सगळ्याचा चुराडा झाला. मनोरा बांधणारा स्थपती मात्र धुरळा खाली बसायच्या आत पसार!

दुसऱ्या दिवशी येसू तडक दरबारात गेली आणि तिनं राजासमोर उभं राहून तक्रार केली.

राजा भूपतराव एकदा हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायचा नाही. तो गरजला, "मनोरा तिथंच होणार! आणखी दोन मजले चढवून!"

"चढवा की, महाराज! पण बांधणारा तरी पारखून घ्या. खाली आम्ही राहतो."

"पारखूनच घेतला होता! अंगावर शाल होती, हातात पितळी मोजकाठी होती. आणखी काय त्याचे दात मोजायचे?"

प्रधान त्रिंबकपंत हळूच खाकरले. "महाराज, शाल देतं स्थपतींचं मंडळ. वर्गणी भरली की शाल मिळते. काठी देतं वास्तुपीठ. ते आधी परीक्षा घेतं, नाव नोंदवतं, मगच काठी हातात ठेवतं. आणि काम खोटं निघालं, तर चारचौघांत ती काठी मोडतं. मोडली की त्या माणसानं पुन्हा एक वीटही रचायची नाही!"

"होती ना त्याच्याकडं काठी!"

"तशी काठी तांबट आळीत कुणीही घडवून घेईल, महाराज. पीठात विचारायला हवं होतं."

झालं! कुंभाराच्या पोरीदेखत आपली चूक निघाली, म्हणून राजाचं नाक लाल झालं. "पीठ बसलंय डोंगरापलीकडं! मला मुहूर्त आजच करायचाय. बाहेर तीन स्थपती उभे आहेत. ए पोरी, एवढी शहाणी आहेस, तर तूच सांग त्यातला खरा कोण. पण त्यांना एकही प्रश्न विचारायचा नाही! त्यांनी बांधलेलं काही बघायचं नाही! दिवेलागणीच्या आत उत्तर हवं. चुकलीस, तर अख्खा कुंभारवाडा नदीपलीकडं हलवीन!"

नदीपलीकडं नुसता काळा खडक. तिथं कुंभारानं घडवायचं काय, कपाळ? पण भ्यालेलं दाखवील तर ती येसू कसली!

"बरं महाराज. मला फक्त एक ऐरण द्या, एक घण द्या आणि घण उचलणारा एक लोहार द्या."

ऐरण आली, लोहार आला, आणि पाठोपाठ तिघे स्थपती आले. तिघांच्याही हातात पितळी काठी. रंगोबाच्या अंगावर हिरवी शाल, गणेशशास्त्र्यांच्या अंगावर जांभळी. तिसरे मल्हारपंत तर काय विचारता! एकावर एक तीन शाली, मिशीला अत्तर, पगडी एवढी की दारातून वाकून यावं लागलं. त्यांना बघताच दरबारी एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. हे सोंग तर नक्कीच पोकळ!

येसूनं पदर खोचला आणि मोठ्यानं सांगितलं, "मंडळी, एका कामाबद्दल दरबारात तक्रार आलीय. म्हणून आज इथं काठी मोडायची आहे! तिघांनी आपापली काठी ऐरणीवर ठेवा."

लोहारानं घण उचलला.

जो घाबरेल तो पकडला जाईल, हे रंगोबानं तेव्हाच ताडलं. तो छाती काढून पुढं आला. "मोडा, खुशाल मोडा! उद्या दुसरी घेऊन हिंडू!"

"माझीही घ्या!" गणेशशास्त्री हसले. "काठीवाचून आमचं काय अडतंय? आमचं मंडळ कुणाला बाहेर काढत नाही. वर्गणी भरली की मरेपर्यंत सभासद!"

आणि मल्हारपंत? त्यांचा चेहरा पांढराफटक पडला! काठी त्यांनी पोटाशी धरली. पगडी घरंगळली तरी त्यांना भान नव्हतं.

"थांबा! कुणाची तक्रार? कुठलं काम? सावकाराच्या माडीचं का? तडा गेला असेल तर आत्ता जातो, पाया उकरून बघतो! पण माझं म्हणणं पीठानं ऐकल्याशिवाय काठीला हात लावायचा नाही! ही मोडली तर मी खायचं काय?"

राजानं मांडीवर थाप मारली. "सापडला चोर! बघा, कसा लटलट कापतोय!"

"महाराज," येसू म्हणाली, "तोच खरा!"

"हा? हा भित्रा?"

"हो, हाच! खोटी काठी मोडली तर तांबट दुसरी देतो. ती मोडायला कोण भिणार? खरी मोडली तर जन्माचं काम जातं. त्याचंच जातं, ज्याचं नाव कुठंतरी नोंदलंय!"

राजा सहजासहजी हरणाऱ्यातला नव्हता. "आणि खरा असून कामात खोट ठेवली तर?"

"तर काठी मोडायला पीठ बसलंय ना, महाराज! याच्या मानेवर कुणाचा तरी हात आहे. या दोघांना धरायचं म्हटलं, तर हातात येणार काय? नुसती शाल!"

मागं वळून बघतात, तर रंगोबा आणि शास्त्रीबुवा दाराकडं सरकलेले! पहारेकऱ्यांनी झडप घातली, आणि खरोखरच त्यांच्या हातात फक्त शाली आल्या. दोघे पळाले ते चौकातल्या चिखलात तोंडावर पडले आणि तिथंच पकडले गेले.

राजा खो खो हसत सुटला. हसता हसता त्याला ठसका लागला. "पोरी, जिंकलीस! मुहूर्त गेला खड्ड्यात. प्रधानजी, आधी पीठाकडं घोडेस्वार पाठवा, याचं नाव तिथं आहे का, विचारून घ्या. मगच पहिली वीट!"

मल्हारपंतांनी घाम पुसला. "पण बाई, तक्रार होती कुणाची?"

"माझी! पडलेल्या मनोऱ्याची! तुमचं नाव मी घेतलंच कुठं?"

राजाला पुन्हा हसू फुटलं. कुंभारवाडा कायमचा कुंभारांच्या नावे झाला, येसूच्या बापाला नवी भट्टी मिळाली आणि मनोऱ्याच्या कौलांचं सगळं काम त्यालाच. "आणखी काय हवं, बोल!"

"ते दोघे चिखलात आहेतच, महाराज. भट्टी उभी राहीपर्यंत आमची माती तुडवू देत. आणि त्या दोन शाली द्या. आमची गाढवं थंडीत कुडकुडतात. वर्गणी मी भरीन!"