माईची नोटीस

फार वर्षं झाली नाहीत, पण संगणकांच्या हिशेबात युगं लोटली. एका दूध संघाच्या कचेरीत नऊ संगणक-बहिणी राहत, आणि कपाटात बसून सगळ्यांची काळजी वाहणारी त्यांची माई, म्हणजे मोठा सर्व्हर.

एकदा खिडकीजवळच्या धाकटीने एक फुकटचा गेम आत घेतला. त्याच्यामागून त्याचं अख्खं गणगोत शिरलं आणि धाकटी तापाने फणफणली. माईने त्या सगळ्यांना हुसकलं आणि एका फटक्यात नऊही घरांना नियम लावला: माझ्या यादीत ज्याचं नाव नाही, त्याला दार बंद. मग मोठ्या मायेने तशी नोटीस प्रत्येकीच्या पडद्यावर लावली.

नोटिशीत नुसत्या रिकाम्या चौकटी दिसत होत्या.

"माई, हे काय लिहिलंयस?" धाकटीने विचारलं.

"मराठीत लिहिलंय. वाच की."

"मराठी अक्षरं दाखवणारं सॉफ्टवेअर तुझ्या यादीत नव्हतं. सकाळी तूच त्याला हाकललंस. बारा वर्षं इथे राबत होतं बिचारं."

माईने यादी पुन्हा उघडली आणि पहिल्यांदाच विचारलं, "पोरींनो, तुमच्या घरात रोज कोण कोण राबतं, ते सांगा बरं."