कड्यावरचे कोठार

मोहाच्या झाडांनी भरलेल्या एका जंगलात एक अस्वल राहत असे. मोठे प्रामाणिक, पण आपल्या प्रामाणिकपणावर जरा जास्तच खूश! त्या जंगलात एक चांगली रीत होती. मोहाची फुले पडू लागली की प्रत्येक प्राणी थोडी फुले वाळवून कड्यावरच्या गुहेत आणून टाकी. पुढे कडक उन्हाळ्यात ज्याची उपासमार होई, त्याने ती न्यावीत. राखणीला अस्वल असे. मुलांनो, अस्वलाला मोह किती आवडतो हे तुम्हाला ठाऊक असेल. पण याने कधी एका फुलालाही तोंड लावले नाही. मानायलाच हवे!

एकदा एका कोल्ह्याने आजारी आजी, आंधळा मामा अशी नावे सांगून पाच जणांचा वाटा उचलला आणि एकट्यानेच फस्त केला. अस्वल भडकले. त्याने नियम केला, "ज्याला हवे त्याने स्वतः वर यायचे. दुसऱ्याच्या नावावर एक फूलही मिळणार नाही." नियम सगळ्यांना पटला.

कड्याच्या पायथ्याशी एक हरिणी राहत होती. फासात अडकून तिचा मागचा पाय निकामी झाला होता. दूर चरायला जाता येईना, म्हणून तिचे दूध आटले आणि दोन्ही पाडसे उपाशी राहू लागली. शेजारच्या खारीला हे बघवेना. ती वर जाऊन म्हणाली, "अस्वलदादा, हरिणीताईचा वाटा द्या, मी नेते. तिला कडा चढवत नाही हो!"

"कोल्हाही असेच सांगत होता," अस्वल म्हणाले. "आज तुला दिले, तर उद्या कोणाकोणाला देऊ?"

खारीने स्वतःच्या वाट्याची मूठभर फुले हरिणीला दिली, पण तेवढ्याने काय होणार?

वैशाख संपत आला तरी गुहा अर्धी भरलेलीच होती. अस्वल हरखले. "यंदा आपल्या जंगलात कोणी उपाशीच नाही!" ही आनंदाची बातमी सांगायला ते कडा उतरू लागले. अर्ध्या वाटेत खडकावर खुरांचे ओरखडे होते आणि रक्ताचे डाग होते. घसरत गेलेला तो माग थेट खालच्या झुडपात जात होता. तिथे हरिणी पडली होती. एक पाडस तिला लुचत होते. दुसऱ्याला उभेही राहवत नव्हते.

"अगं, वर का नाही आलीस?" अस्वलाने विचारले.

"आले होते," हरिणी म्हणाली. "तीनदा आले. अर्ध्यापर्यंतच जमले."

अस्वलाला फार लाज वाटली. त्याने धावत जाऊन फुले आणली आणि तिच्यापुढे ठेवली. आठवड्याने तिचे दूध परतले आणि दुसरे पाडसही पायांवर उभे राहिले. तोवर अस्वलाने सगळे कोठार खाली आणले होते.

"आता काय, कोणीही यावे आणि लुटावे!" कोल्हा हसला.

"तू फार तर चार-पाच वाटे जास्त नेशील," अस्वल म्हणाले. "पण तुला अडवायच्या नादात मी कोणाकोणाला अडवले, ते तरी कळेल."

सकाळी कोठारापुढे रांग लागली. एक हात नसलेले वानर, डोळे गेलेले साळिंदर, गुडघ्यांतून वाकलेले म्हातारे सांबर. यांतल्या एकालाही अस्वलाने पूर्वी पाहिले नव्हते.

"इतकी वर्षे तुम्ही होता तरी कुठे?" त्याने विचारले.

"इथेच, कड्याखाली," सांबर म्हणाले.

तात्पर्य : कोणी मागायला आले नाही, म्हणजे कोणाला गरज नाही, असे समजू नये. दुबळ्यातल्या दुबळ्याला जिथे पोहोचता येईल, तिथे मदत ठेवावी.